जिम्नॅस्टिक्सला परतणाऱ्या मुलांची पातळी जुन्या पदकांवरून ठरवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीची परीक्षा संपली की गोव्यातल्या जिम्नॅस्टिक्सच्या सभागृहांत ओळखीचे चेहरे पुन्हा दिसू लागतात. कोणी नववीत शिकवण्या लागल्या म्हणून थांबलेले असते, कोणाचा घोटा मुरगळलेला असतो, कोणाला पावसात चिकनगुनिया होऊन गेलेला असतो. अलीकडे त्यांच्या रांगेत लहानपणी हा खेळ खेळलेली पंचविशी-तिशीतली माणसेही असतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : मी कुठल्या बॅचला?

याला बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘पूर्वी फ्लिक (मागे उडी घेऊन हातांवरून उलटणे) मारायचीस ना? मग मोठ्यांच्यात जा.’ दुसरे, ‘तीन वर्षे झाली, आता पहिल्यापासून सुरू कर.’ पहिल्या उत्तराने मनगट नाहीतर कंबर दुखावते. दुसऱ्याने पंधरा वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलांबरोबर कोलांट्या मारत बसते आणि महिन्याभरात यायची बंद होते. दोन्ही उत्तरे वर्षे मोजून दिलेली असतात, म्हणूनच ती चुकतात. परतणाऱ्या खेळाडूची पातळी आज काय जमते यावरून ठरवावी लागते, आणि त्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. ते दोन आठवडे कसे वापरावेत, हे सांगण्यासाठी हे पत्र.

खंड पडला की सगळे एकाच वेगाने जात नाही. हालचालीची आठवण सर्वांत जास्त टिकते. सायकल जशी विसरत नाही तसे राउंड-ऑफमध्ये, म्हणजे धावत येऊन हातांवरून बाजूने उलटून दोन्ही पायांवर उतरताना, हात कसे टेकवायचे हे अंग विसरत नाही. दम मात्र थोड्याच आठवड्यांत उतरतो. ताकद त्याहून उशिरा उतरते आणि सरावाने बऱ्यापैकी लवकर परत येते. सर्वांत सावकाश परत येते ती हाडांची आणि कंडरांची, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांची सोसण्याची शक्ती. तिला महिने लागतात. म्हणून खरा धोका पहिल्या दिवशी नसतो. पहिल्या दिवशी सगळेच जपून असतात. धोका तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात असतो. तोवर स्नायू जागे झालेले असतात, जुनी कला हाताशी आल्यासारखी वाटते, उड्या भराभर वाढतात, आणि टाच, नडगी, मनगट यांची तयारी अजून अर्धीच असते. ‘आता तर छान चालले होते, मग दुखले कसे?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न याच काळातला असतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते : मधल्या काळात ती वाढलेली असतात. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात, म्हणून पूर्वी सहज बसणारे स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून बसणे) अडते. वजन वाढते तेवढ्या प्रमाणात हातांची ताकद लगेच वाढत नाही, म्हणून पूर्वी आठ पुल-अप काढणारा मुलगा तीनवर थांबतो. गिरकीचे गणितही बदलते. अंगाची लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर वजन तेवढेच धरले तरी सरळ अंगाने फिरणे सुमारे एकवीस टक्क्यांनी जड होते, कारण लांबीचा परिणाम वर्गाने वाढतो. डोक्यात मात्र जुन्या, आखूड शरीराचा अंदाज पक्का बसलेला असतो. त्या अंदाजाने मारलेली बॅक सॉल्टो, म्हणजे हात न टेकता हवेत मारलेली उलटी कोलांटी, अपुरी पडते आणि मुलगी पुढे हात टेकून उतरते. ती घाबरली किंवा आळसावली असे नव्हे. तिचे घड्याळ जुने आहे, एवढेच. हे तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. मग मुले स्वतःवर चिडत नाहीत.

म्हणून सुरुवात कलेपासून न करता शरीरापासून करावी. पहिले दोन दिवस फक्त तपासणी, आणि प्रत्येक आकडा वहीत. गुडघ्यांवर बसून तळवे जमिनीवर ठेवावेत, बोटे पुढे, आणि खांदे मनगटांच्या किंचित पुढे न्यावेत. दुखता कामा नये. दुखले तर हातांवर भार येणारी प्रत्येक कला थांबली, कार्टव्हील, म्हणजे हातांवरून बाजूला चाकासारखे फिरणे, तेसुद्धा. मग भिंतीला पाठ लावून उभे राहावे, फासळ्या पुढे न काढता दोन्ही हात वर करून अंगठे भिंतीला लावावेत. फासळ्या सुटल्या किंवा कोपर वाकले तर खांदे आखडलेले आहेत, आणि आखडलेल्या खांद्यांनी केलेल्या ब्रिजचा (हात-पाय टेकून पाठीच्या कमानीचा) सगळा बाक कंबरेवर येतो. हॉलो, म्हणजे पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवलेली आणि हात-पाय जेमतेम उचललेली होडी, ३० सेकंद. पोटावर झोपून उलटी होडी ३० सेकंद. बारला लटकणे ३० सेकंद, खांदे कानांत न घुसवता. छाती भिंतीकडे ठेवून हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटे उभे राहणे, ३० सेकंद. इथे पाठ भिंतीकडे नको, कारण पाठ टेकून केलेला हँडस्टँड केळ्यासारखा वाकतो आणि पुढे सगळ्या कलांत तोच बाक उतरतो. एका पायावर उभे राहून टाच उचलणे, प्रत्येक पायाला २०, आणि विसावी टाच पहिलीइतकीच उंच हवी. शेवटी गुडघ्याएवढ्या पेटीवरून उतरून तीन वेळा जागीच थांबणे. उतरताना गुडघे आत पडतात का, हे समोरून पाहावे आणि मोबाइलवर चित्रित करून मुलालाही दाखवावे.

यातल्या एखाद्या गोष्टीत कमी पडणे म्हणजे नापास होणे नव्हे. त्या आकड्यावरून पुढचे दोन आठवडे कशावर काम करायचे ते ठरते. टाचा १२ वेळांवर थांबल्या तर टम्बलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या-उड्या) मऊ गादीवर आणि मोजके. लटकणे पंधरा सेकंदांवर संपले तर किपची, म्हणजे झोक्यातून बारवर चढण्याच्या कलेची, घाई नको. घोटा किंवा गुडघा दुखावून परत येणाऱ्याला आधी डॉक्टरांची परवानगी हवीच. त्यानंतर एका पायावरची लांब उडी मोजावी. दुखावलेला पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के अंतर मारेपर्यंत धावती कला सुरू करू नये. चिकनगुनियानंतर सांधे कित्येक आठवडे, कधी महिनेही दुखत राहतात. त्या मुलांना सकाळची जखडण पूर्ण गेल्याशिवाय उड्यांना हात लावू देऊ नये, ताप जाऊन कितीही दिवस झालेले असोत.

तिसऱ्या दिवसापासून कला. वहीत तीन रकाने आखावेत : जमते, आधाराने जमते, अजून नाही. ‘जमते’ या रकान्यात कला जाण्यासाठी आमचा नियम कडक आहे : लागोपाठ पाच वेळा, कोणी हात न लावता, ओळखता येण्याजोगी चूक न होता, आणि हेच पुन्हा दुसऱ्या एका दिवशी. एकदा जमलेली कला धरू नये. जुनी आठवण आणि उत्साह यांच्या जोरावर पहिली फ्लिक अनेकदा सुंदर होते. चौथी सांगते की खांदे थकले आहेत. पातळी ठरवायला चौथी उपयोगी, पहिली नाही.

क्रम तळापासून लावावा, पण तळाशी रेंगाळायचे नाही. पुढची कोलांटी, मागची कोलांटी सरळ पायांवर, हँडस्टँडमधून कोलांटी, एका रेषेवर कार्टव्हील डावीकडून आणि उजवीकडून, राउंड-ऑफ. पूर्वी खेळलेले मूल हे सगळे तीन-चार दिवसांत ‘जमते’मध्ये आणते आणि त्याचा हुरूप टिकतो. ज्याला पहिल्यापासून सुरू करायला सांगितले जाते ते हेच तीन महिने करत बसते. इथे बारकाईने पाहायची एकच गोष्ट : राउंड-ऑफमध्ये दुसरा हात कुठे पडतो. खंडानंतर तो बहुतेकांचा बाहेर, रेषेपासून दूर पडतो, त्यामुळे अंग तिरके उतरते, आणि पुढे जोडलेली फ्लिक वाकडी जाते. रेषा खडूने आखा आणि हात रेषेवर आल्याशिवाय पुढे काही जोडू नका.

फ्लिक, म्हणजे बॅक हँडस्प्रिंग, हीच खरी कसोटी. परतणाऱ्यांची सर्वांत जास्त घाई हिच्यासाठी असते आणि सर्वांत जास्त इजाही हिच्यातच होतात. चूक जवळजवळ नेहमी सारखीच असते : मागे रेलण्याऐवजी गुडघे पुढे जातात, डोके आधी मागे फेकले जाते, उडी लांब जाण्याऐवजी जागीच वर जाते, आणि हात पायांच्या अगदी जवळ पडतात. मग कोपर वाकते आणि डोके आपटते. कारणे तीन. मांड्यांत जोर कमी झालेला असतो, खांदे आखडलेले असतात, आणि मनात भीती असते म्हणून डोळे आधी जमीन शोधतात. नुसते ‘डोके मागे टाकू नकोस’ सांगून काही होत नाही, कारण डोके ही शेवटची कडी आहे.

उपाय पायऱ्यांनी. भिंतीपासून एक पाऊल पुढे, पाठ भिंतीकडे करून उभे राहून खुर्चीत बसल्यासारखे मागे रेलावे, पाठ भिंतीला टेकेपर्यंत, गुडघे पावलांच्या पुढे न नेता. असे दहा वेळा. मग मागे कंबरेएवढ्या गाद्या रचून त्यांवर सरळ अंगाने पाठीवर उडी. हात कानांजवळ, हनुवटी स्थिर. आठ-दहा वेळा. मग आडव्या गोल फोमच्या ढोलावरून मागे जाऊन हँडस्टँडमधून उतरणे. मग उतारावर ठेवलेल्या गादीवरून, दोन बाजूंना दोन प्रशिक्षक, एक हात कंबरेखाली, एक मांडीमागे. मग एक प्रशिक्षक. मग सपाट मऊ गादी. एका दिवशी एकच पायरी चढावी, आणि दिवसाला पूर्ण फ्लिक पंधरापेक्षा जास्त नकोत, पहिल्या महिन्यात तरी. फ्लिकमध्ये मनगटावर येणारा भार शरीराच्या वजनाहून अधिक असतो, आणि वाढत्या वयात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची चकती हाडापेक्षा कच्ची असते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला हाडावर बोट दाबून दुखत असेल तर तो ‘सरावाचा ताण’ समजून पट्टी बांधून खेळवू नये. विश्रांती आणि हाडांच्या डॉक्टरांची तपासणी, याला पर्याय नाही. कंबरेचेही तसेच. मागे वाकताना, विशेषतः एका बाजूला, दोन आठवड्यांहून जास्त दुखत राहिले तर मणक्याला बारीक चीर असू शकते. मालिश करून ती भरत नाही.

बारवर ताकदीच्या आधी कातडी हार मानते. पहिल्या आठवड्यात बारवर एकूण दहा मिनिटे, दिवसाआड. दुसऱ्यात पंधरा. तळव्याला गरम वाटून चुरचुरू लागले की त्याच क्षणी उतरायचे. फोड फुटून कातडी निघाली की चार-पाच दिवस जातात. आंघोळीनंतर घट्टे मऊ असताना खरखरीत दगडाने घासून सपाट ठेवावेत, कारण उंच घट्टाच सोलून निघतो. कपाटातले जुने ग्रिप, म्हणजे तळव्यावर बांधायचे चामडी पट्टे, काढू नका. हात वाढलेला असतो, बोटांची भोके घट्ट होतात, चामडे कडक होऊन चिरते. उलट चामडे ताणून लांबलेले असेल तर ते दांड्याभोवती गुंडाळून स्वतःवरच अडकू शकते. हात जागीच राहतो आणि अंग फिरत राहते, त्यात हाताचे हाड मोडते. नवे ग्रिप घेतल्यावर आधी फक्त लटकणे आणि छोटे झोके, आठवडाभर.

किप न जमण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या उंच झालेल्या मुलींचा दोष अर्ध्या वेळा त्यांचा नसतोच. झोक्यात पाय जमिनीला घासतात म्हणून त्या आधीच पाय दुमडतात आणि लय तुटते. खालच्या गादीची जाडी कमी करून किंवा बार उंच करून पाहा. त्यानंतरही जमले नाही तर पायांचे घोटे बारपाशी येतात का, आणि येतात तेव्हा खांदे झोक्याच्या पुढच्या टोकाला पोहोचलेले असतात का, हे पाहावे. बहुतेकींचे घोटे उशिरा येतात, कारण पोटाची ताकद कमी झालेली असते. बारला लटकून सरळ पाय बारपर्यंत नेणे पाच वेळा जमेपर्यंत किपच्या नादाला लागू नये.

बीम, म्हणजे तोल सांभाळत कला करायचा अरुंद आडवा ओंडका, ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. हे बदललेले नसते, खेळाडूचे डोळे मात्र हातभर वर गेलेले असतात. आधी जमिनीवर १० सेंटिमीटरची पट्टी चिकटवून चालणे, वळणे, छोट्या उड्या. मग बुटका बीम. मग उंच बीम, दोन्ही बाजूंना गाद्यांचे थर लावून, आणि रोज एक थर कमी. न पडता पाच फेऱ्या झाल्या तरच थर काढायचा. व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीला, धावण्याची खूण नव्याने मोजावी. पाय लांबले की पावले लांबतात, जुन्या खुणेवरून धावणारी मुलगी शेवटी पावले चोरते आणि उसळी देणाऱ्या बोर्डवर चुकीच्या पायाने येते. बोर्डाकडे पाठ करून उलट दिशेने नेहमीच्या वेगाने धावावे, ठरलेल्या संख्येचे शेवटचे पाऊल पडेल तिथे दुसऱ्याने खडू ठेवावा. असे चार वेळा करून मधली खूण धरावी. वजन वाढले असेल तर बोर्डातल्या स्प्रिंगची संख्याही बदलावी लागते, हे पुष्कळ ठिकाणी राहून जाते. मुलांच्या रिंग आणि पॅरलल बारला खांदे शेवटी तयार होतात. पहिला महिना आधारावर उभे राहणे आणि छोटे झोके एवढेच पुरे. मल्लखांब खेळलेल्यांची पकड आणि पाठ चांगली टिकलेली असते, पण तळवा सपाट टेकून भार घेण्याची त्यांच्या मनगटांना सवय नसते. त्यांची पकड पाहून त्यांना वरच्या बॅचला टाकू नये.

भीतीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिच्यावरून मुलांना बोलणी बसतात. हवेत आपण कुठे आहोत हे कळणे अचानक बंद होणे ही या खेळातली खरी आणि धोक्याची अवस्था आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्या ठरवल्या होत्या, दीडच झाल्या, आणि तिने माघार घेतली. शेवटच्या दिवशी ती बीमवर उतरली ती उतरण्याची उडी सोपी करून, गिरकी काढून टाकून, आणि कांस्यपदक घेऊन गेली. २०२३ मध्ये परतली, २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्ण. जगातली सर्वोत्तम खेळाडू आजची पातळी ओळखून कला खाली आणते, तर म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीला ‘पूर्वी करायचीस, आता काय झाले?’ असे विचारणे अन्यायाचे आहे. मूल धावत येऊन कलेच्या आधी थांबले तर एकदा समजावे. तीनदा थांबले की ती कला त्या दिवसापुरती बंद, आणि दोन पायऱ्या खाली जाऊन शेवट जमणाऱ्या कलेने. गिरक्यांच्या कला सर्वांत शेवटी परत आणाव्यात.

किती वेळ लागेल? आमचा ठोकताळा असा : दीड महिन्याचा खंड असेल तर दोन-तीन आठवडे, तीन-चार महिन्यांचा असेल तर सहा ते आठ, वर्षाहून जास्त असेल तर जुन्या वरच्या कलांना तीन महिने हात लावू नये. आठवड्यातून तीन दिवस, दोन जोरदार दिवसांमध्ये एक दिवस मोकळा. कडक जागेवरच्या उतरत्या उड्या पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस, पुढे दर आठवड्याला पाच वाढवायच्या. टाच किंवा गुडघ्याखालचे हाड दुखू लागले तर आकडा मागे न्यायचा. वाढत्या मुलांत या दोन जागा लवकर बोलतात.

मोठ्यांना एकच इशारा, पण तो गंभीर आहे. तिशीनंतर टाचेची कंडरा अचानक जोर लावताना तुटू शकते, आणि धावत येऊन मारलेली राउंड-ऑफ हा तसाच जोर आहे. आधी सहा ते आठ आठवडे टाचा उचलण्याचा व्यायाम, सरळ गुडघ्याने आणि वाकलेल्या गुडघ्यानेही, मग हवेच्या गादीवर जागच्या जागी उड्या, आणि त्यानंतरच धाव. वयाचे म्हणाल तर उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोविटिना १९९२ पासून सलग आठ ऑलिंपिक खेळली.

आता आपल्या हवेचे. एप्रिल-मेमध्ये तळवे गादीवरही घसरतात, म्हणून परतणाऱ्यांची वेळ सकाळची ठेवावी. पावसाळ्यात मॅग्नेशियम (पकडीसाठी हाताला लावायची पांढरी पूड) उघडे राहिले की ओलसर होऊन त्याचे गोळे होतात. ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, हातावर पातळ लावावे, आणि बारवर साचलेला थर कोरड्या ब्रशने काढावा. जाड थरावरून हात निसटतो. फोमच्या गाद्या जमिनीवर पसरून ठेवल्या की खालून ओल धरतात, बुरशी येते आणि मऊपणा जागोजागी बदलतो. रोज त्या उभ्या करून पंख्याखाली ठेवाव्यात. दोन गाद्यांमधली फट ही घोटा मुरगळण्याची सर्वांत साधी जागा. ती पट्टीने बंद केल्याशिवाय सराव सुरू करू नये.

पालकांसाठी थोडे. सरावाआधी दोन-अडीच तास पेज किंवा भात-आमटी, अर्ध्या-पाऊण तासाआधी एखादे केळे, आणि सरावानंतर जेवणात अंडे, मासळी किंवा कडधान्य हवेच. परतलेल्या मुलीला ‘वजन वाढले’ असे कोणीही म्हणू नये, प्रशिक्षकाने तर नाहीच. वाढीच्या वयात ते वाढायलाच हवे. कमी खाऊन हलके होण्याच्या नादात तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. हाडे ठिसूळ होण्याची ती सूचना असते. आणि दहावीनंतर उशीर झाला असे म्हणू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत मुलगी वरिष्ठ गटात येते तीच मुळी सोळा पूर्ण होण्याच्या वर्षी, मुलगा अठरा पूर्ण होण्याच्या. भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिच्या गुडघ्यावर २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०१८ च्या जुलैत तुर्कस्तानात मेर्सिनला तिने व्हॉल्टमध्ये सुवर्ण जिंकले, आणि २०२४ मध्ये तिसाव्या वर्षी व्हॉल्टचे आशियाई अजिंक्यपद मिळवले.

२०२३ मध्ये गोव्यात ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली, जिम्नॅस्टिक्सही तीत होते. असा खेळ इथे टिकवायचा तर सोडून गेलेली मुले परत येतात तेव्हा त्यांना धड दार उघडे हवे. म्हणून क्रीडा खात्याला, शाळांना आणि खाजगी वर्गांना आमची विनंती आहे : मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस परतणाऱ्यांची वेगळी बॅच ठेवावी, आठ ते दहा जणांमागे एक प्रशिक्षक, त्या पंधरवड्यात स्पर्धेची निवड नाही आणि जुन्या प्रमाणपत्रांची विचारणाही नाही. प्रत्येकाची एक वही, पहिल्या पानावर शरीराचे आकडे, पुढे तीन रकाने, आणि ती वही मुलाच्याच हातात. बॅच बदलली, गाव बदलले, डिचोलीहून मडगावला गेले, तरी पुढच्या प्रशिक्षकाने ती उघडून पाहावी. एक गादी, भिंत, बार, खडू आणि वही एवढ्यावर हे होते. येत्या मेपासून सुरू झाले तर जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत प्रत्येक परतलेल्या मुलाची बॅच त्या वहीवरून ठरलेली असेल.

आपले,
गोव्यातील काही जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक